म्युनिक–म्युनिक, मार्गे क्राको

माझ्या पहिल्या तक्त्यात आठ देश होते आणि दिवस बारा. ऑस्ट्रिया, स्लोव्हेनिया, क्रोएशिया, हंगेरी, स्लोव्हाकिया, पोलंड, चेकिया आणि शेवटी परत आमचं जर्मनी. ऑफिसात दिवसभर एक्सेलच भरत असते, त्यामुळे तक्ता दिसायला झकास झाला होता. प्रत्येक देशाला वेगळा रंग, प्रत्येक शहराखाली बघायच्या गोष्टी. जुलै २०२४ मध्ये तो मी कोल्हापूरला वडिलांना, म्हणजे आण्णांना, पाठवला. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला.

"तक्ता बघितला. हे टाइमटेबल न्हवं, ही शर्यत हाय."

आण्णा पस्तीस वर्षं एसटीत होते, त्यातली बरीचशी वाहतूक नियंत्रक म्हणून. म्हणजे सीबीएसवरच्या (कोल्हापूरच्या मध्यवर्ती स्टँडवरच्या) कंट्रोल केबिनमध्ये बसून माइकवर गाड्या पुकारणारा, कुठली फेरी सोडायची, कुठली रद्द करायची ते ठरवणारा माणूस. २०१६ साली निवृत्त झाले, पण घरातलं कुठलंही लग्न, यात्रा, साधं जोतिबाला जाणंसुद्धा त्यांच्या वहीत 'शेड्यूल' म्हणूनच चढतं. माझ्या तक्त्यावर त्यांनी एकदाही 'तिथं बघायला काय आहे' असं विचारलं नाही. त्यांचे प्रश्न तीनच. ड्रायव्हर किती? गाडी रात्री कुठं उभी करणार? आणि प्राग ते क्राको हे जे तू पाच तास चाळीस मिनिटं लिहिलंयस, ते कुणी गाडी चालवून बघितलंय का?

ते मॅपने सांगितलंय, मी म्हटलं.

"मॅपला लघवीला लागत न्हाई."

यावर काय बोलणार? त्यांचा हिशेब असा की, मॅपवरची वेळ ही मोकळ्या रस्त्याची वेळ. त्यात पाव हिस्सा वर धरायचा, शिवाय दर दोन तासांमागे वीस मिनिटांचा थांबा. एका माणसाला दिवसात पाच तासांच्या वर स्टिअरिंग द्यायचं नाही. मी गंमत म्हणून त्यांना सांगितलं की युरोपात ट्रकवाल्यांना साडेचार तास चालवलं की पंचेचाळीस मिनिटं थांबावंच लागतं, दिवसाला साधारण नऊ तासांची मर्यादा असते आणि हे सगळं गाडीतलं यंत्र नोंदवून ठेवतं. आण्णा इतके खूश झाले की दोन दिवस भेटेल त्याला हेच सांगत होते. पुढं मी बोलले की जर्मनी-ऑस्ट्रियात रविवारी अवजड ट्रकना बंदी असते. "मग लांबचा टप्पा रविवारी टाक की," लगेच उत्तर. चार वर्षं मी म्युनिकमध्ये गाडी चालवतेय, रविवारी हायवे मोकळा असतो हे मला माहीत होतं. पण त्यावर बेत आखावा हे कधी सुचलं नव्हतं.

त्या हिशेबाने बसवल्यावर ब्लेडचं तळं गेलं, प्लिट्विसचे धबधबे गेले, ल्युब्लियाना आणि झाग्रेब गेलं. आठाचे सहा देश झाले. मला वाईट वाटलं. आण्णांनी तक्त्यावरून शहरं अशी पुसली जसे पावसाळ्यात घाटातल्या फेऱ्या पुसायचे.

फक्त पोलंडला हात लावायचा नाही, असं आईचं म्हणणं होतं. "मी येतो तर पोलंड बघायलाच येतो की." (आमच्याकडे कोल्हापूरच्या बायका 'मी येतो, मी जातो' म्हणतात. नवरा विदर्भातला, लग्नाला नऊ वर्षं झाली तरी तो अजून दचकतो.)

पोलंडचं कारण म्हणजे आमचे आजोबा, आईचे वडील. त्यांना सगळे दादा म्हणायचे. कोल्हापूरजवळ वळिवडे गावाला दुसऱ्या महायुद्धात पोलिश निर्वासितांची छावणी होती, १९४३ ते १९४८. सोव्हिएत राजवटीने पूर्व पोलंडमधून उचलून सायबेरियात धाडलेली माणसं, त्यातही बायका आणि मुलं जास्त, इराणमार्गे फिरत फिरत पंचगंगेच्या काठाला येऊन राहिली. पाचेक हजार माणसं होती. त्यांचं चर्च होतं, शाळा होत्या, नाटकं व्हायची. पोलिश लोक गेल्यावर तिथं फाळणीतून आलेले सिंधी लोक वसले आणि आज ज्याला आपण गांधीनगर म्हणतो, जिथं लग्नाचा बस्ता घ्यायला अर्धा जिल्हा जातो, ती हीच जागा. दादा तेव्हा नऊ-दहा वर्षांचे, छावणीत दुधाचा रतीब घालायला वडिलांबरोबर जायचे. पोलिश म्हणून त्यांच्याजवळ एवढंच उरलं होतं, 'जेन दोब्री', म्हणजे नमस्कार. पुढं आयुष्यभर ते पहाटे गोठ्यात शिरताना म्हशीला 'जेन दोब्री' म्हणत. आईला तिच्या लहानपणी तो म्हशीशी बोलायचा शब्द वाटायचा.

मग क्राको नक्की झालं. तीन मुक्काम.

व्हिसाचं काम त्यामानाने सरळ होतं, फक्त कागद फार. नियम असा की, ज्या देशात सर्वात जास्त रात्री राहणार त्या देशाकडे शेंगेन व्हिसा (बऱ्याच युरोपीय देशांना मिळून एकच चालतो तो) मागायचा. रात्री सारख्या असतील तर जिथून आत शिरणार त्या देशाकडे. आई-आण्णांचे बहुतेक दिवस आमच्याकडेच जाणार होते, त्यामुळे जर्मनी. मी इथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयातून २९ युरो भरून हमीपत्र काढलं, त्यांनी पुण्याला जाऊन बोटांचे ठसे दिले, किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा घेतला. तरी आण्णांची शंका काही जाईना, जर्मनीच्या शिक्क्यावर पोलंड कसं चालंल? त्यांना सांगितलं, चेकिया, पोलंड, स्लोव्हाकिया, हंगेरी हे चारही देश २१ डिसेंबर २००७ पासून शेंगेनमध्ये आहेत, आता नाके राहिलेले नाहीत. "म्हणजे आपलं कागल," आण्णा म्हणाले. नव्हेच, कागलला तरी 'कर्नाटकात स्वागत' असतं आणि लगेच डिझेलचा भाव बदलतो, म्हणून त्यांना समाधान वाटेना. पासपोर्ट मात्र हाताशी ठेवायचे असं मी बजावलं, कारण जर्मनीत परत येताना ऑस्ट्रियाच्या हद्दीवर २०१५ पासून तपासणी चालूच आहे.

सर्वात डोकं खाल्लं ते गाडीने. आमची गाडी लहान, चार माणसं आणि आईच्या डब्यांची पिशवी बसेल, बॅगा नाही बसणार. म्हणून भाड्याची घ्यायची ठरली. भाड्याच्या गाडीत दिवसाचं भाडं ही सर्वात बिनमहत्त्वाची रक्कम, हे मला वीसेक पानांची अटींची पीडीएफ वाचल्यावर कळलं. खरी गोम पुढे आहे. एका देशात उचलून दुसऱ्या देशात सोडली तर जो आकार लावतात त्यात कोल्हापूरचं एक विमानतिकीट निघेल. म्हणून म्युनिक ते म्युनिक. परदेशात नेणार असाल तर देश आधी सांगायचे, त्याची वेगळी फी. अटींत देशांचे गट पाडलेले. पश्चिमेकडे कुठलीही गाडी न्या. चेकिया, पोलंड, स्लोव्हाकिया, हंगेरीला महागड्या ब्रँडच्या गाड्या न्यायला बंदी. नेली आणि चोरीला गेली, तर विमा हात वर करणार. अनामत रक्कम क्रेडिट कार्डावर अडकवून ठेवतात आणि कार्ड मुख्य ड्रायव्हरच्याच नावाचं लागतं. नवऱ्याकडे फक्त डेबिट कार्ड, म्हणून मुख्य ड्रायव्हर मी. दुसऱ्या ड्रायव्हरचे रोजचे पैसे वेगळे.

मग टोल. जर्मनीत मोटारींना हायवेचा टोल नाही. बाकीच्यांकडे व्हिन्येट, म्हणजे ठरावीक दिवसांचा पास. पूर्वी काचेवर स्टिकर लावत, आता बहुतेक ठिकाणी तो गाडीच्या नंबरवर ऑनलाइन चढतो. ऑस्ट्रियाचा दहा दिवसांचा तेव्हा साडेअकरा युरो, चेकियाचा २७० कोरुना. हंगेरीचा वेगळा, स्लोव्हाकियाचा वेगळा. पोलंडमध्ये पासच नाही. सरकारी हायवे मोटारींना जुलै २०२३ पासून फुकट, पण कातोवित्से ते क्राको हा ए-४ चा तुकडा खासगी कंपनीकडे, तिथं आपल्यासारखे नाके. दोन नाके, दोन्हीकडे तेव्हा सोळा-सोळा झ्लॉटी. आता मेख अशी की, पास गाडीच्या नंबरवर निघतो आणि भाड्याच्या गाडीचा नंबर चावी हातात पडेपर्यंत कळत नाही. म्हणजे आधी घेऊन ठेवता येत नाही. मी चारही देशांच्या सरकारी साइटच्या लिंक फोनमध्ये ओळीने ठेवल्या. आण्णांनी त्या वहीत मराठीत उतरवून घेतल्या, कशासाठी ते देव जाणे.

ऑगस्टच्या शेवटी दोघं आले. १४ सप्टेंबरला, शनिवारी, निघायचं. कारण गणपती ७ तारखेला बसणार आणि गौरीबरोबर १२ ला जाणार. आधी साल्झबर्ग, मग व्हिएन्ना, बुडापेस्ट, क्राको, प्राग आणि घर. गौरीगणपती जेवले, शाडूची मूर्ती बाल्कनीत बादलीत विरघळली आणि त्याच संध्याकाळी पाऊस सुरू झाला.

पहिला दिवस आम्ही कौतुकच केलं. शुक्रवारी आल्प्समध्ये बर्फ पडल्याच्या बातम्या आल्या, सप्टेंबरात. व्हिएन्नाकडच्या भागात, चेकियाच्या येसेनिक डोंगरात, पोलंडच्या दक्षिणेला मोठ्या पुराचा इशारा. मी म्हणत होते, उद्या साल्झबर्गपर्यंत जाऊ तर खरं, तिथून बघू. आण्णा खिडकीशी बसून फोनवर पाणीपातळीचे आकडे बघत होते. कोल्हापूरचा माणूस जुलै-ऑगस्टमध्ये सकाळी उठून देवाच्या आधी राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतो. ३९ फूट इशारा, ४३ धोका; हे आमच्याकडे पोरांना पाढ्यांबरोबर येतं. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं आणि शिरोलीला हायवेच पाण्याखाली होता, पुण्याकडून आलेले ट्रक कित्येक दिवस तिथंच. आण्णांनी डॅन्यूबची साइट कुठून शोधली कुणास ठाऊक, जर्मन त्यांना अक्षर येत नाही. पण आलेख वर निघालाय एवढं कळायला भाषा लागत नाही.

रात्री जेवताना बोलले, "गाडी रद्द."

"आण्णा, हॉटेलचे पैसे…"

"रद्द म्हटलं की रद्द. पॅसेंजर शिव्या घालतोय, घालू दे. अर्ध्या वाटेत अडकलेला पॅसेंजर जास्त शिव्या घालतो."

रविवारी १५ तारखेला लोअर ऑस्ट्रिया हे अख्खं राज्य आपत्तीग्रस्त जाहीर झालं. व्हिएन्ना ते सांक्ट प्योल्टन रेल्वे बंद पडली, व्हिएन्नातली मेट्रो काही भागात थांबली. बेतानुसार आम्ही त्या दिवशी नेमके तिकडे असतो. मी आण्णांना काही बोलले नाही आणि त्यांनीही ऐकवलं नाही.

मग सुरू झाली खरी आखणी. आधीची नुसती हौस होती. व्हिएन्नाची खोली मी वीस युरो वाचवायला 'रद्द केल्यास परतावा नाही' या दरात घेतली होती, ती बुडाली. पूर आला म्हणून काही नाही, कारण हॉटेल स्वतः उघडं होतं. बुडापेस्टच्या घरमालकिणीने मात्र एका निरोपावर तारखा पुढे ढकलल्या. गाडीच्या कंपनीने तारीख बदलून दिली, पण नव्या दराने. आणि नवी तारीख २१ सप्टेंबर, म्हणजे ऑक्टोबरफेस्ट सुरू व्हायचा दिवस. त्या दिवसात म्युनिकमध्ये गाडी काय, सायकलसुद्धा सरळ भावात मिळत नाही. भाडं दीडपट झालं. मी फोनवर भांडून पाहिलं. पलीकडची बाई अत्यंत गोड आवाजात तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

आणि मग आई म्हणाली, "२१ म्हणजे म्हाळ चालू झाले की."

पितृपंधरवडा. हे माझ्या तक्त्यात कुठल्याच रकान्यात नव्हतं. म्हाळात लांबचा प्रवास करत नाहीत. आणि पुढे ढकलावं तर ३ ऑक्टोबरला घटस्थापना. अंबाबाईच्या गावची बाई, घट बसायच्या आत ती घरात हवीच, मग ते घर म्युनिकमधलं का असेना. १० तारखेला त्यांचं परतीचं विमान. आण्णांनी वही उघडली, मी कॅलेंडर. शेवटी आईनेच तोड काढली. दादांची तिथी दशमी. ती यंदा २६ सप्टेंबरला. "तवा आपण कुठं असू?" आम्ही हिशेब मांडला. सरळ फेरीत बुडापेस्टला. उलटी फेरी मारली तर क्राकोला.

"मग उलटं जाऊया. दादांचा घास तिथं ठेवतो."

आण्णांना उलटी फेरी दुसऱ्याच कारणासाठी पटली. लहान नदी लवकर चढते, लवकर उतरते. ओस्ट्राव्हाकडचं पाणी आम्ही पोचेपर्यंत ओसरलेलं असणार. डॅन्यूब मोठी, तिचं पाणी सावकाश खाली सरकतं, आधी व्हिएन्ना मग ब्रातिस्लाव्हा मग बुडापेस्ट. "पाण्याच्या मागनं जायचं, पुढनं न्हाई." मध्ये प्राग-क्राको हा लांबचा टप्पा रविवारी पडत नव्हता, म्हणून तो ओलोमोत्सला मोडला. क्राको-बुडापेस्ट बान्स्का बिस्त्रित्साला मोडला. बारा दिवसांत बसवायला हालश्टाट काढलं. जिथं हजारभर लोकही राहत नाहीत अशा गावात पार्किंगसाठी रांग लावायची हे आण्णांना तसंही झेपलं नव्हतं. व्येलिच्काची मिठाची खाण आईच्या गुडघ्यांनी काढली, कारण सुरुवातीलाच ३८० पायऱ्या उतरायच्या. नवा तक्ता झाला. साधारण दोन हजार किलोमीटर, एका दिवसाचा सर्वात मोठा टप्पा व्हिएन्ना ते म्युनिक ४३० चा. एक्सेल नव्हेच, वहीच्या दोन पानांवर, निळ्या आणि लाल पेनने.

२१ ला सकाळी गाडी घ्यायला गेलो. काउंटरवरच्या मुलाने आनंदाची बातमी दिली, तुम्ही सांगितलेली गाडी नाही, त्याच पैशांत वरच्या वर्गातली देतो. काळी, चकचकीत, बोनेटवर सगळ्या जगाला माहीत असलेलं चिन्ह. नवरा आत बसूनसुद्धा आला. मी चावी घेतलीच होती, आणि पीडीएफ आठवली. विचारलं, ही पोलंडला चालते का? मुलाने संगणकात पाहिलं, मान हलवली. मग म्हणे, तसं कुणी बघत नाही. हे वाक्य त्याने कागदावर लिहून द्यावं असं मी म्हटल्यावर तो मागे गेला आणि चाळीस मिनिटांनी एक करडी, साधी, लांब डिकीची गाडी आली. आण्णा तिच्याभोवती फिरले. टायर पायाने दाबले, ओरखड्यांचे फोटो काढायला लावले, चौघांना चार चमकती जाकिटं आहेत का मोजली. डिकीचं फळकूट उचललं आणि थबकले.

"स्टेपनी कुठाय?"

स्टेपनीच्या खड्ड्यात एक छोटा पंप होता आणि एक बाटली. पंक्चर झालं तर बाटलीतलं चिकट पाणी टायरमध्ये सोडायचं आणि हवा भरायची, मी सांगितलं. आण्णांनी बाटली हातात घेऊन उलटीसुलटी पाहिली, जशी आई परदेशी मसाल्याची पुडी बघते. "आणि टायर फाटला तर?" तर फोन करायचा. "कुणाला?" पावतीवर नंबर आहे. पस्तीस वर्षं ज्याने स्टेपनी नसलेली गाडी डेपोच्या फाटकाबाहेर जाऊ दिली नाही, तो माणूस त्या गाडीत बसला, पण प्रागपर्यंत गप्प होता.

व्हिन्येटची माझी सगळी तयारी पार्किंगमध्येच पाण्यात गेली. लिंक माझ्या फोनमध्ये, मी कागदांवर सह्या करतेय, आणि नवऱ्याने घाईने शोधून जी पहिली साइट आली तिथं चेकियाचा पास काढला. ती दलालाची निघाली. अकरा युरोंचा पास एकोणीसला. पास खरा होता, पण आठ युरो गेले. आण्णांनी वहीतलं पान काढून त्याच्यासमोर धरलं, मराठीत लिहिलेला सरकारी साइटचा पत्ता. मग मला कळलं कशासाठी लिहिला होता.

प्रवासाचं सगळं सांगत बसत नाही. प्रागला गाडी मेट्रोच्या टोकाला गॅरेजात दोन दिवस झोपली, कारण आतल्या रस्त्यांवर निळे पट्टे रहिवाशांचे, आणि कुठला पट्टा कुणाचा हे वाचेपर्यंत चिठ्ठी लागते. चेकिया, स्लोव्हाकिया आणि हंगेरीत गाडी चालवणाऱ्याने बिअरचा घोटही घ्यायचा नाही, अल्कोहोलची मर्यादा शून्य. नवऱ्याला प्लझेनवरून जाताना हे सांगायची वेळ आली, त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. पैसे चार प्रकारचे. कार्डाच्या मशीनवर 'युरोत द्यायचे का' विचारलं की नको म्हणायचं, तिथल्याच चलनात द्यायचे, नाहीतर मशीनवाला आपला दर लावतो. बुडापेस्टला जेवणाचं बिल सतरा हजार आलं तेव्हा आई खुर्चीतून उठलीच. एका युरोला चारशेच्या आसपास फोरिंट, हे पटवेपर्यंत जेवण गार झालं.

ओस्ट्राव्हाच्या बाजूला हायवे चालू होता. पण रस्त्याच्या कडेला शेतांवर तपकिरी साय धरलेली, कुंपणाच्या तारांना गवत आणि प्लास्टिक एकाच उंचीला अडकलेलं, घरांसमोर भिजलेल्या गाद्यांचे ढीग. आई-आण्णा दोघंही खिडकीबाहेर बघत होते. शिरोळ तालुक्यात २०१९ नंतर हेच होतं. तीच उंची, तेच गवत.

क्राकोला घर विस्तुला नदीपासून जवळ घेतलं होतं. २६ ला सकाळी आईने स्वयंपाकघरात भात, वरण, शेवयांची खीर केली, आणलेल्या कांदा-लसूण चटणीला त्या दिवशी हात लावू दिला नाही. कागदी ताटलीत घास काढून आम्ही नदीकाठच्या हिरवळीवर गेलो. कबुतरं होती, पण कबुतराने शिवून काय उपयोग? दहा मिनिटं गेली. आण्णा घड्याळ बघायला लागले. मग एक आला, आपल्या कावळ्यापेक्षा लहान, मानेला राखाडी, डोळा पांढरट. तिरका तिरका चालत आला आणि नेमकी खीर उचलली. बाकावर एक म्हातारी बसली होती. तिला काय वाटलं कुणास ठाऊक, हसून बोट दाखवून म्हणाली, "काव्का."

"बघ," आई म्हणाली, "ह्यांच्यातबी कावच." आणि त्या बाईकडे वळून हात जोडून म्हणाली, "जेन दोब्री." अगदी म्हशीला म्हणायचे तस्सं, शेवटचा ई लांबवून. म्हातारीने घडाघडा उत्तर दिलं. आम्हाला एक अक्षर कळलं नाही. मी फोनवर 'वळिवडे, कोल्हापूर' असं पोलिशमध्ये करून दाखवलं. तिने चष्मा लावून वाचलं, खांदे उडवले, आणि आईच्या हातावर थोपटलं. आई दिवसभर तेच सांगत होती.

पोलंड सोडताना एक चूक माझ्याकडून झाली. बान्स्का बिस्त्रित्साला जाणारा रस्ता डोंगरातून, छान, दुपदरी. हायवे नाही म्हणून मी स्लोव्हाकियाचा पास घेतलाच नव्हता. दोनोव्हाली घाटात चहाला थांबलो तेव्हा आण्णांनी वही पुढे केली. उद्या शहराच्या पलीकडे एक्स्प्रेसवेचा तुकडा आहे, त्याला लागतो. तिथंच, पार्किंगमध्ये, बोनेटवर फोन ठेवून काढला. हंगेरीचा काढताना नवऱ्याने देशाच्या रकान्यात आधीपासून भरलेला 'एच' तसाच ठेवला, म्हणजे आमची जर्मन गाडी कागदावर हंगेरीची झाली. पुन्हा पैसे.

बुडापेस्टला पोचलो २८ ला. २१ ला तिथं पाणी ८३० सेंटिमीटरच्या आसपास जाऊन आलं होतं. विक्रम २०१३ चा, ८९१. आण्णांनी फोनवर गुणाकार केला. सत्तावीस फूट. "आपल्या राजाराम बंधाऱ्याला सत्तावीस फूट म्हणजे लोक पोहायला जातात," म्हणाले, पण संसदेच्या इमारतीखाली उतरून गेले आणि बराच वेळ उभे राहिले. काठचा खालचा रस्ता पाण्याखाली जाऊन वर आला होता. दगडी पायऱ्यांवर चिखलाची सरळ रेघ, तिच्या वर पायऱ्या पांढऱ्या, खाली मातकट. ते एकेक पायरी उतरत मोजत गेले. वर येऊन वहीत आकडा लिहिला. किती, ते मी विचारलं नाही.

व्हिएन्ना दोन रात्री, त्यातली एक दुपार पार्किंगच्या नियमांनी खाल्ली. तिथं आता अख्ख्या शहरात रस्त्यावर आठवड्याच्या दिवशी दोनच तास उभं राहता येतं, आणि आम्ही हॉटेलसमोर बिनधास्त लावून ठेवली होती. ३६ युरो. तेही वहीत.

२ ऑक्टोबरला, सर्वपित्रीला, जर्मनीच्या हद्दीवर पोलिसाने काच खाली करायला सांगितली. चार पासपोर्ट पाहिले, डिकी उघडली, आईचा भडंगाचा डबा वास घेऊन बंद केला. सातला घरी. दुसऱ्या दिवशी घट बसले.

गाडी परत दिली तेव्हा आण्णांनी स्वतः किलोमीटर वाचले, २,०९७. टाकी भरलेली, ओरखडा नाही, पावती घेतली. अनामत मात्र कार्डावर तशीच अडकलेली. दोन-तीन दिवसांत सुटेल म्हणाले होते. ते दोघं कोल्हापूरला पोचले, दसरा झाला, तरी नाही. रोज संध्याकाळी फोन, "डिपॉझिट आलं?" नाही आण्णा. दोन ई-मेल केले, एकदा त्या गोड आवाजाच्या बाईशी बोलले. एकोणीस दिवसांनी सुटली.

फोन केला तेव्हा मागे गांधीनगरच्या गाडीची घोषणा चालली होती. सीबीएसवर बसले होते, जुन्या मंडळींबरोबर.

"आलं? सगळं?"

सगळं, आण्णा.

"बरं. फेरीचा हिशेब मिटला. मग आता वेबिल बंद करतो."